कोकणातल्या दमट हवेत जुने शिलाई मशीन चालते करताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कोकणातल्या पुष्कळ घरांत माजघराच्या कोपऱ्यात किंवा पोटमाळ्यावर एक काळे शिलाई मशीन आजही असते. आजीने किंवा मावशीने कधीकाळी त्यावर घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवलेले असतात. पुढची पिढी मुंबई-पुण्याला गेली आणि मशीनवर चादर पडली ती पडलीच. शिवणकामाची आवड नव्याने लागलेले अनेकजण हे मशीन उघडतात, हाताला येईल ते तेल सोडतात, धागा ओवतात आणि पहिल्याच टिपेला कापडाखाली धाग्याचा गोळा झाला की मशीन बिघडले असे ठरवून टाकतात. बहुतेक वेळा मशीन बिघडलेले नसते. सुई उलटी बसलेली असते, धागा एखाद्या कडीतून निसटलेला असतो, किंवा कापड सरकवणाऱ्या दातांखाली वर्षानुवर्षांचा कचरा घट्ट बसलेला असतो. जुने मशीन शोधणे, ते चालते करणे आणि त्यावर शिवायला शिकणे या सगळ्यातून मी गेले आहे; तेव्हा कोणी क्रमाने सांगितले असते तर बरे झाले असते असे जे जे वाटले, ते इथे लिहिते आहे.

जुन्याच मशीनचा आग्रह का, याचे उत्तर आधी देते. एलियस हौ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या यंत्रांपासून वरचा आणि खालचा असे दोन धागे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकवण्याची जी रीत रुळली, तीच आजच्या घरगुती मशीनमध्येही आहे. जुन्या मशीनमध्ये ती ओतीव लोखंडात, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी मांडलेली असते. काही अडले तर कुठे अडले ते पाहता येते आणि एका स्क्रूड्रायव्हरने उघडता येते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानले होते. शिवाय पायमशीनला वीज लागत नाही, आणि आषाढात तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात राहणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

१. कोणते मशीन घ्यावे

घरातच मशीन असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आधी गावातल्या आणि शेजारच्या वाडीतल्या घरांत चौकशी करावी, मग जुन्या शिंप्यांकडे, आणि सर्वांत शेवटी भंगारवाल्याकडे. भंगारात आलेल्या मशीनचे सुटे भाग बहुधा वाटेतच हरवलेले असतात.

पहिले मशीन म्हणून सरळ टीप मारणारे, गोल बॉबिनचे (बॉबिन म्हणजे खालचा धागा गुंडाळायचे छोटे रीळ) मशीन घ्यावे. सिंगरच्या १५ क्रमांकाच्या घडणीवर पुढे अनेक कंपन्यांनी मशिने केली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात सुरू केलेल्या उषाची साधी काळी मशिनेही त्याच घडणीची आहेत. त्यामुळे त्यांची बॉबिन, ती जिच्यात बसते ती बॉबिन केस, सुई आणि कापड दाबून धरणारा दाबपाय आजही चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा बाजारपेठांत शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतात. याहून जुन्या काही मशिनांत गोल बॉबिनऐवजी होडीच्या आकाराचे लांबट शटल असते. ती मशिने देखणी असतात, टीपही सुरेख मारतात. परंतु त्यांचे शटल हरवले असेल तर दुसरे मिळवणे कठीण जाते, म्हणून नवशिक्याने त्यांच्या मोहात पडू नये.

मशीन पाहायला जाल तेव्हा पुढील गोष्टी तपासा.

हातचाक आपल्याकडे फिरवून पाहा. जड फिरत असेल तर चिंता नाही, ते जुने तेल घट्ट झाल्याचे लक्षण असते. अजिबात फिरत नसेल तरीही ते बहुधा सुटते. पण चाक फिरते आणि सुई हलत नाही, किंवा चाक दर फेऱ्यात एकाच जागी कचकन अडते, असे असेल तर किंमत बरीच कमी करून घ्या किंवा सोडून द्या.

सरकती पट्टी उघडून बॉबिन केस जागेवर आहे का ते पाहा. दाबपाय, सुई धरणारा स्क्रू आणि बॉबिन भरायची छोटी चाकी आहे ना याची खात्री करा.

टेबलाच्या फळीची खालची बाजू बोटाने दाबून पाहा. आपल्याकडे लोखंडापेक्षा लाकूड आधी जाते. मातीच्या भिंतीला टेकून राहिलेल्या टेबलाला वाळवी लागलेली असते आणि वरून रंग शाबूत असल्याने ती दिसत नाही.

सिंगरच्या मशीनवर पितळी किंवा कोरलेला क्रमांक असतो. १९०० सालापासून त्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षरे येऊ लागली आणि त्यांवरून मशीन साधारण कधीचे ते कळते. मात्र "शंभर वर्षांचे आहे" म्हणून कोणी भाव वाढवत असेल तर भुलू नका. अशी मशिने लाखोंनी बनली आहेत. त्यांचे वय ही दुर्मिळ गोष्ट नाही.

मशीन दुरून आणायचे असेल, विशेषतः मुंबईहून रेल्वेने किंवा एसटीने, तर टेबलावर बसवलेले मशीन तसेच उचलू नये. मागच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले की लोखंडी डोके वेगळे निघते. ते चांगलेच जड असते आणि प्रवासात हेलकावे खाऊन बिजागरी मोडते. डोके गोधडीत गुंडाळून आडवे ठेवावे आणि सुई काढून घ्यावी.

२. लागणारे साहित्य

- शिलाई मशीनचे पातळ, पांढरे तेल
- थोडे रॉकेल. न मिळाल्यास पातळ तेलावरच वेळ देऊन काम भागते
- दोन स्क्रूड्रायव्हर: एक रुंद, एक अगदी बारीक
- जुना टूथब्रश, रंगाचा बारीक ब्रश, चिमटा
- धुतलेली सुती फडकी, भरपूर
- दाभण आणि पट्ट्याची तारेची क्लिप
- १४ आणि १६ नंबरच्या नव्या सुया
- त्याच मापाची चार-पाच बॉबिन. दुकानात जाताना जुने बॉबिन बरोबर न्यावे
- चांगल्या धाग्याची दोन रिळे, एक गडद आणि एक फिकट रंगाचे
- टाके उसवायचे हत्यार, धारदार कात्री, मोजपट्टी, शिंप्याचा खडू

घरात सापडलेली जुनी रिळे वापरू नयेत. दमट हवेत वर्षे काढलेला सुती धागा दिसायला ठीक असतो, पण दोन हातांत धरून हिसका दिला की सहज तुटतो. असा धागा मशीनवर लावला की दर वितीला तुटतो आणि दोष मात्र टेन्शनला, म्हणजे धाग्याच्या ताणाला, दिला जातो.

३. साफसफाई आणि तेल

या पायरीला घाई करू नये. एक सबंध दिवस हाताशी ठेवावा.

एकही स्क्रू सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत. वरचा धाग्याचा मार्ग, डावीकडचे झाकण, बॉबिन केस, सगळ्यांचे. मग सुई काढा, दाबपाय काढा आणि सुईखालची पत्र्याची ताटली उघडा. तिच्याखाली कापड सरकवणारे दात असतात. जुन्या मशीनमध्ये दातांच्या दोन ओळींमधल्या फटीत धाग्याचा भुगा, तेल आणि धूळ दाबली जाऊन करड्या नमद्यासारखी घट्ट पट्टी तयार झालेली असते. ब्रशने ती निघत नाही. चिमट्याने एक टोक पकडून हळूहळू ओढावी लागते आणि कधी कधी ती सलग, दातांचा ठसा उमटलेली अशी बाहेर येते. ती आत असेपर्यंत दात पुरेसे वर येत नाहीत, कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात. "मशीन कापड ओढत नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

त्यानंतर बॉबिन केस आणि तिच्यामागचे शटल (गोल बॉबिनच्या मशीनमध्ये वरच्या धाग्याचा फासा पकडणाऱ्या भागालाही शटलच म्हणतात) काढून स्वच्छ पुसा. शटलच्या टोकाला गंज असेल तर तेलाच्या फडक्याने चोळून काढा. तिथे खरखरीत पॉलिश पेपर लावू नका. त्या टोकाची धार आणि गुळगुळीतपणा यांवरच टाका अवलंबून असतो.

आता तेल. कोकणातल्या घरात नारळाचे तेल कायम हाताशी असते आणि तेच मशीनला घालण्याची चूक सर्वत्र होते. नारळाचे तेल २४ अंशांच्या आसपास थिजू लागते, म्हणजे पौषातल्या सकाळी ते मशीनच्या आत गोठते. शिवाय खाद्यतेल कोणतेही असो, काही महिन्यांत ते चिकट होऊन त्याचा पिवळट लेप जमतो. एखादे मशीन पूर्ण अडकलेले असते ते बहुधा याच लेपामुळे. तो सोडवण्यासाठी वरच्या बाजूची सर्व छिद्रे आणि डोके उलटे करून दिसणारे सर्व सांधे यांत रॉकेलचे थेंब सोडावेत, रात्रभर थांबावे आणि सकाळी हातचाक पुढे-मागे हलके हलवावे. चाक केसभर जरी हलले तरी काम होणार हे समजावे. पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. पान्हा लावून किंवा हातोडीने ठोकून जोर करू नये. ओतीव लोखंड वाकत नाही, ते तुटते. केस वाळवायचे यंत्र असेल तर त्याची गरम हवा सांध्यांवर सोडल्याने घट्ट तेल लवकर सैल होते. रॉकेल लावलेले असताना जवळपास ज्योत नको, आणि गरम हवा द्यायची असेल तर रॉकेल पूर्ण पुसून उडून गेल्यावरच द्यावी.

चाक मोकळे फिरू लागले की रॉकेल पुसून प्रत्येक छिद्रात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. रॉकेल स्वच्छ करते, वंगण देत नाही. ते तसेच ठेवून मशीन चालवले तर सांधे झिजतात.

काळ्या रंगावरची सोनेरी वेलबुट्टी फार नाजूक असते. तिच्यावर रॉकेल, स्पिरिट किंवा भांड्यांचा साबण लावला की सोनेरी रंग उडतो आणि तो पुन्हा आणता येत नाही. मशीनच्या तेलाचे मऊ फडके फिरवावे, बस्स.

४. पट्टा आणि पायडल

मोठ्या चाकावरून हातचाकावर जाणारा चामडी पट्टा पावसाळ्यात ओल धरून लांबतो आणि सटकू लागतो. पायडल फिरते पण सुई मधेच थांबते, तेव्हा आधी पट्टा पाहावा. क्लिप सोडून अर्धा इंच कापावा, दाभणाने नवे छिद्र पाडावे आणि क्लिप पुन्हा दाबावी. एकदम जास्त कापू नये, कारण फार घट्ट पट्ट्याने पायडल जड होते आणि पाय लवकर भरून येतात.

हातचाकाच्या मध्यभागी एक लहान गोल नट असतो. तो सैल केला की चाक फिरते पण सुई थांबते; बॉबिन भरताना तसेच करायचे असते. साफसफाईत हा नट काढलात तर त्यामागची आतल्या बाजूला दोन कान असलेली चकती कशी बसली होती ते लक्षात ठेवा. ती अर्धा फेरा उलटी बसली तर नट कितीही आवळला तरी चाक घसरतच राहते. चकती काढून अर्धा फेरा फिरवून बसवली की प्रश्न सुटतो. यासाठी मेकॅनिकला बोलावण्याची गरज नाही.

पायडलची सवय धाग्याविना करावी. दाबपाय वर, सुई काढलेली, आणि हातचाक नेहमी आपल्या दिशेने. सुरुवात हाताने चाकाला गती देऊन करायची आणि पायांनी ती राखायची. पाय चुकीच्या लयीत पडला की चाक उलटे फिरते. धागा ओवलेला असताना असे झाले तर खाली गुंता होतो. उलटे न जाता दहा मिनिटे सलग चालवता येईपर्यंत पुढे जाऊ नये. नंतर जुनी सुई लावून वहीच्या रेघी कागदावर, धाग्याशिवाय, रेघेवरून टोचत जावे. जुनी सुई अशासाठी की कागदाने तिची धार जाते.

जांभ्याच्या किंवा सारवलेल्या जमिनीवर मशीन डुगडुगत असेल तर पायांखाली लाकडी चिपा द्याव्यात. हलणाऱ्या मशीनवर सरळ टीप येत नाही.

५. सुई, धागा आणि बॉबिन

घरगुती मशीनच्या सुईच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते आणि तिच्या समोरच्या बाजूला टोकापर्यंत एक लांब खाच जाते. धागा खाचेच्या बाजूने आत जातो आणि सपाट बाजूने बाहेर येतो. सपाट बाजू शटलच्या टोकाकडे असावी लागते. ही दिशा मशीनप्रमाणे बदलते. सुईच्या अगदी वर, शेवटची कडी कोणत्या बाजूला आहे ते पाहा. बहुधा धागा त्याच बाजूने ओवायचा असतो. सुई वरपर्यंत टेकवून स्क्रू आवळावा. ती जराशी खाली राहिली तरी टाके सुटतात.

मलमलीसारख्या तलम कापडाला ९ किंवा ११, साध्या सुती कापडाला १४, आणि जीन्ससारख्या जाड कापडाला १६ किंवा १८ नंबरची सुई लागते. शिंप्यांच्या कारखानी मशीनची गोल दांडीची सुई घरगुती मशीनला चालत नाही. दुकानात मागताना "घरगुती मशीनची, सपाट बाजूची" असे स्पष्ट सांगावे.

वरचा धागा ओवताना दाबपाय वर उचललेला असला पाहिजे. तो खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि धागा त्यांच्यामध्ये न बसता वरवर राहतो. वरखाली होणाऱ्या तरफेच्या छिद्रातूनही धागा गेला आहे ना ते पाहावे. ते छिद्र सुटले की दोन टाक्यांतच खाली जाळे होते.

ओवून झाल्यावर वरच्या धाग्याचे टोक डाव्या हातात धरा आणि हातचाक आपल्याकडे एक पूर्ण फेरा फिरवा. खालचा धागा फासा होऊन वर आला म्हणजे सुई, शटल आणि ओवणे बरोबर आहे. आला नाही तर शिवू नका, सुईची दिशा तपासा. पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही धाग्यांची टोके दाबपायाच्या मागे धरून ठेवावीत.

६. टीप बिघडली तर कोणत्या क्रमाने पाहावे

टेन्शनच्या स्क्रूला हात लावणे ही नवशिक्यांची पहिली प्रतिक्रिया असते. ती शेवटची असावी. आधी वरचा धागा पूर्ण काढून पुन्हा ओवा. मग सुई बदला. मग बॉबिन काढून पुन्हा बसवा आणि केसच्या पातळ पट्टीखाली भुगा अडकला आहे का ते पाहा. मग दातांखाली पाहा. एवढे केल्यावरही दोष राहिला तरच टेन्शन.

टेन्शन पाहण्यासाठी वर गडद आणि खाली फिकट धागा लावून दुहेरी सुती कापडावर टीप मारा. खालच्या बाजूला गडद धाग्याचे फासे दिसत असतील तर वरचा धागा सैल आहे. वरच्या बाजूला फिकट ठिपके दिसत असतील तर वरचा धागा फार ताणलेला आहे. वरचा नट थोडाथोडा फिरवून दोन्ही बाजू सारख्या करा. बॉबिन केसच्या बारीक स्क्रूला हात लावण्याआधी धाग्याला केस लोंबकळत धरा. ती स्वतःच्या वजनाने घसरत राहिली तर सैल आहे, हलका हिसका दिल्यावर जराशी उतरून थांबली तर ठीक आहे. तो स्क्रू कधी फिरवलाच तर फेऱ्याच्या अष्टमांशाने, आणि ताटात धरून, कारण तो पडला की सापडत नाही.

सुई वारंवार तुटते याचे कारण बहुतेक वेळा हात असतो. कापड मागून ओढले की सुई वाकते आणि ताटलीवर आपटते. हाताने फक्त दिशा द्यावी, ओढण्याचे काम दातांचे आहे. सुई आपटून ताटलीच्या छिद्राला ओरखडा पडला असेल तर पुढे धागा तिथेच कापला जातो; अगदी बारीक पॉलिश पेपर पिळून छिद्रातून फिरवला की ओरखडा जातो.

७. कापडावर होणारे घोटाळे

मशीन नीट चालू लागल्यावर घोटाळे कापडात होतात. नवे सुती कापड पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. नाहीतर शिवलेला झबला पहिल्या धुण्यात आखडतो. शिवणीत किमान अर्धा इंच माया, म्हणजे टिपेबाहेरचे जास्तीचे कापड, ठेवावी. बाह्या बेतताना कापड उलट-सुलट घडीत घालून दोन्ही एकदम कापाव्यात. एकेक कापल्या की दोन्ही एकाच हाताच्या होतात. वळणावर आधी कच्चा दोरा घालावा. टीप चुकली तर त्याच वेळी उसवावी, कारण तिच्यावर दुसरी टीप मारून वाकडेपणा झाकला जात नाही.

पहिले काम उशीची खोळ, दुसरे बाजाराची पिशवी, तिसरे पेटीकोट, असा क्रम मला योग्य वाटतो. गोधडी मशीनवर घालायचा मोह पहिल्या वर्षी आवरावा. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर दाबपायाखाली सारखे सरकत नाहीत आणि वरचा थर पुढे लोटला जाऊन चुण्या पडतात.

८. पावसाळा आणि खारा वारा

मशीन समुद्राकडच्या खिडकीपाशी किंवा उघड्या पडवीत ठेवू नये. मृग लागण्याआधी पूर्ण साफ करून तेल घालावे, आणि सुईची दांडी, दाबपायाची दांडी, ताटली अशा रंग नसलेल्या उघड्या धातूवर तेलाचे बोट फिरवावे. झाकायला प्लास्टिक वापरू नये. आत ओल कोंडते आणि दोन आठवड्यांत तांबूस ठिपके दिसू लागतात. सुती कापडाचे आवरण पुरेसे असते. पट्टा मोठ्या चाकावरून उतरवून ठेवावा आणि त्यावर बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसावी. सुया आणि बॉबिन घट्ट झाकणाच्या डब्यात, भाजून गार केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवाव्यात.

वापर नसला तरी आठवड्यातून एकदा हातचाक आठ-दहा फेरे फिरवावे, म्हणजे सांध्यांत तेल पसरत राहते. श्रावणात पुन्हा शिवायला बसाल तेव्हा पहिली टीप चिंधीवर मारावी, कारण साचलेले तेल सुईवाटे उतरते आणि कापडावर डाग पाडते.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तसा प्रसंग आला आणि मशीन पाण्याखाली गेले, तर ते भंगारात देण्याची घाई करू नये. चिखल ओला असतानाच गोड्या पाण्याने धुऊन काढावा, सर्व झाकणे उघडून मशीन उन्हात किंवा पंख्याखाली कोरडे करावे आणि त्याच दिवशी प्रत्येक सांध्यात भरपूर पातळ तेल सोडावे. चिखल वाळू दिला तर काम कितीतरी वाढते. मशीनला विजेची मोटर जोडलेली असेल तर ती आधी सोडून वेगळी करावी आणि जाणकाराने तपासेपर्यंत तिचे बटण दाबू नये. डोके मात्र तोवर पायडलवर चालवता येते.